हलका हात

माणसाच्या अंगावर पडणारा पहिला हात सुइणीचा किंवा नर्सचा. पुढचे काही महिने मग हातच हात असतात. तेल लावायला येणारी बाई पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर पालथं घेते, कोमट तेलानं पाठ चोळते, एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय तिरपे जुळवून अलगद ताणते, टाळू भरते. आजी तोंडावरून हात फिरवून अलाबला काढते आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडते. आई थोपटते. मग शाळा सुरू होते आणि हात कमी होत जातात. मुलींच्या वाट्याला वेणी घालणारा हात उरतो, मुलांच्या वाट्याला पाठीतला धपाटा. लग्न, मुलंबाळं या काळात अंगाला अंग लागत राहतं. पण साठी ओलांडली की एक दिवस लक्षात येतं, आपल्याला आता कुणी हात लावत नाही. सून वाकून नमस्कार करते, नातू मोबाइलच्या पडद्यातून पापा देतो, दवाखान्यात रक्तदाबाचा पट्टासुद्धा मशीनच आवळतं. आणि मग एखादं दुखणं येतं, आपल्या अंगाला पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली घेऊन जातं.

माझा उजवा खांदा धरला तो असा. आधी नुसता रात्रीचा ठणका होता, कुशीवर वळलं की जाग यायची. पुढे अंबाडा घालायला हात मागे जाईना. मागच्या हुकांचे ब्लाउज कपाटात राहिले, पुढून हुकं असलेले शिवून घ्यावे लागले. फडताळाच्या वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली आला. रक्तात तर साखर होतीच, आणि साखर असलेल्यांना हा आजार जास्त होतो असं कळलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सुजते, जाड होते, आकसते आणि सांध्याला जागेवरच जखडून टाकते. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड ठीक आहे म्हणाले, ‘फ्रोझन शोल्डर’ असं कागदावर लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: फिजिओथेरपी.

राजापेठेत दवाखान्यांची उणीव नाही. चौकात उभं राहिलं की बडनेरा रोडनं येणाऱ्या गाड्या, उड्डाणपुलावर चढणाऱ्या दुचाक्या, रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातून वर येणारे ऑटो आणि या सगळ्यांच्या मधूनच वाट काढणारी शाळेची पोरं, असं अर्धं अमरावती डोळ्यांसमोरून जातं. त्या चौकापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, फिजिओथेरपीची दोन खोल्यांची जागा आहे. जिना अरुंद. गुडघेदुखीच्या लोकांनी तो चढायचा म्हणजे उपचाराचा पहिला धडा तिथंच. वर एक बाक, एक कूलर आणि बाकावर वऱ्हाडचे सगळे दुखरे अवयव शेजारी शेजारी: कापूस वेचून मान धरलेली भातकुलीकडची बाई, दिवसभर मशीन मारून कंबर गेलेला शिंपी, कॉम्प्युटरसमोर बसून मनगट दुखणारी बँकेतली मुलगी, आणि कापसाच्या गाठी ओढून ओढून पाठ वाकलेले एक हमाल काका. आज कापसाची एक गाठ 170 किलोची भरते. यंत्रं आली, ट्रॉल्या आल्या, तरी काकांच्या पाठीनं जुना हिशेब सोडलेला नाही.

उपचार करणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान, पण सगळ्यांची ताई, सत्तरीच्या काकांचीसुद्धा. पहिल्या दिवशी तिनं खांद्याला हातच लावला नाही. मी चपला कशा काढते, पर्स कोणत्या हातानं ठेवते, खुर्चीवर बसताना कुठं रेलते, हे नुसतं पाहत राहिली. मग मागं उभी राहून दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर ठेवले. दाबले नाहीत, ठेवले. थोड्या वेळानं एक तळवा मानेकडे सरकला, दुसरा पाठीच्या फऱ्यावर. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला काठ कुठं जाड राहिला ते डोळ्यांआधी तळव्याला कळतं, तसं काहीसं तिचं चाललं होतं. एका जागी बोट थांबलं आणि मी ‘स्स’ केलं. ‘हं, हे खांद्याचं नाही, मानेचं आहे. खांदा सांभाळता सांभाळता मान दमली तुमची,’ ती म्हणाली. इतके दिवस घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिच्या बोटाला सापडली होती.

मग तिनं मला डाव्या कुशीवर झोपवलं, दुखरा खांदा वर. एका हातानं फरा असा धरून ठेवला की तो हलणार नाही, आणि दुसऱ्या हातानं माझं कोपर धरून काम सुरू केलं. आधी कोपर मागं, जिथं अडेल तिथं थांबून. मग पुढं आणि वर. मग कोपर वाकवून, खांद्यावर किंचित दाब देत, हवेत छोटी वर्तुळं. मग हात सरळ करून, किंचित ओढ देत, तशीच वर्तुळं. मग कोपर अंगापासून दूर. मग माझा हात पाठीमागं, कंबरेवर, आणि कोपर हळूच पुढे. शेवटी दोन्ही हातांनी दंडाचं वरचं टोक धरून हलके हलके झोके. सात पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक जागा येते, जिथं सांधा ‘पुरे’ म्हणतो. ती तिथवर जायची, तिथंच थांबायची आणि मग मला सांगायची, ‘आता माझ्या हाताला उलटं ढकला. थोडंच. एका बोटाच्या जोरानं.’ मी ढकलायची, ती अडवून धरायची. पाच-सात सेकंद. ‘सोडा. श्वास सोडा.’ आणि सोडल्यावर तीच जागा, जी आत्ताच ‘पुरे’ म्हणाली होती, बोटभर पुढं सरकलेली असायची.

तिनं ओढून पुढं नेलं असतं तर मी किंचाळले असते. तिनं मलाच ढकलायला लावलं आणि वाट मिळाली.

या सात पायऱ्यांची जन्मकथा तिनंच एकदा सांगितली. स्पेन्सर नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपथनं, म्हणजे हाडं-सांधे हातांनी हाताळून उपचार करणाऱ्या वैद्यानं, 1916 मध्ये त्या लिहून काढल्या. उलटं ढकलायला लावण्याची रीत नंतरची, फ्रेड मिचेल यांची. तिला मसल एनर्जी म्हणतात. ऑस्टिओपथीची पाटी मी राजापेठेत पाहिलेली नाही. आपल्याकडे ही विद्या फिजिओथेरपीच्या अभ्यासातून आणि कार्यशाळांतून, बहुतेक वेळा स्वतःचं नाव न सांगता आली. ओडिशात कटकच्या श्री श्री विद्यापीठात तिचं स्वतंत्र शिक्षण मिळतं. अमेरिकेत तर ऑस्टिओपथ हे शस्त्रक्रियाही करणारे पूर्ण डॉक्टर असतात. माझ्या खांद्यापर्यंत मात्र ती आली एका वऱ्हाडी मुलीच्या हातातून.

या विद्येचा मूळपुरुष अँड्र्यू टेलर स्टिल. जन्म 1828 चा, व्हर्जिनियातला. त्याच्या आत्मचरित्रात लहानपणची एक हकिकत आहे. डोकं फार दुखत होतं म्हणून या पोरानं दोन झाडांना बांधलेला दोर जमिनीपासून थोडा वर राहील असा खाली घेतला, त्यावर घोंगडी टाकली, मान टेकवली आणि झोपला. उठला तेव्हा डोकं उतरलं होतं. पुढं तो डॉक्टर झाला. त्या काळची औषधं म्हणजे पारा, अफू, दारू आणि रक्त काढणं. 1864 मध्ये मेनिंजायटिसच्या साथीत त्याच्या घरातली तीन मुलं गेली. औषधं होती, डॉक्टर घरातच होता, तरी गेली. त्यानंतर या माणसाचा औषधांवरचा विश्वास उडाला आणि तो हाडांकडे वळला. दफनभूमीतून हाडं उकरून आणून, हाताळून, एकेक सांधा बोटांनी पाठ करायचा. 22 जून 1874 ही त्यानं आपल्या विद्येची जन्मतारीख मानली. 1892 मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या आडगावी शाळा काढली. पहिल्याच वर्गात बायकाही होत्या. शरीर हे एक आहे, त्याची रचना बिघडली की काम बिघडतं, आणि बरं होण्याची सोय त्याच्यातच केलेली असते, हा त्याचा गाभा. पाठीचा कणा नीट केला की बहुतेक सगळे आजार नीट होतील, असंही तो म्हणायचा. ते खरं ठरलं नाही. साथीचे जंतू कण्याला विचारून येत नाहीत. पण तीन मुलांच्या बापाला, ज्याच्या हातातली औषधं फुकट गेली होती, आपल्या हातांवरच विश्वास ठेवावासा वाटला, यात मला काही वेडेपणा दिसत नाही.

हातांची ही विद्या आपल्याला परकी नव्हती. सुश्रुतानं मोडलेल्या हाडाला जागेवर आणायच्या चार क्रिया सांगितल्या: आंछन म्हणजे ओढणं, पीडन म्हणजे दाबणं, संक्षेप म्हणजे दोन टोकं जुळवणं आणि मग बंधन. पट्टी किती दिवसांनी सोडायची तेही ऋतू पाहून: थंडीत सात, समशीतोष्ण दिवसांत पाच, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. वऱ्हाडात वैशाखात प्लास्टर घालून बसलेल्या माणसाला या बारकाव्याची किंमत विचारावी. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हाताच्या दुखापतीनंतरचं. तळहात बरा होत आला की रोग्यानं आधी मातीचा गोळा धरायचा, मग सैंधवाचा खडा, आणि हातात बळ आलं की दगड. पुढचं सगळं पुनर्वसनाचं शास्त्र या तीन वस्तूंत आलं. जोर कधी वाढवायचा हे ज्याला कळतं, त्याला तो कधी वाढवायचा नाही हेही कळलेलं असतं.

पुढं ही विद्या वैद्यांच्या पोथीतून पैलवानांच्या मातीत उतरली. जिथं अंग आदळतं तिथंच सांधा निखळतो, आणि तो बसवणारा हातही तिथंच तयार होतो. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव जुम्मादादा व्यायाममंदिरात जोर-बैठका, लाठी, लेझीम शिकवत आणि त्याच हातांनी हाडंही बसवत. आमच्या अमरावतीत 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आखाडा सुरू केला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आमच्या घरात मंडळाचं नाव निघालं की माझे धाकटे काका ताठ बसत. ते तिथं मल्लखांब करायचे. एरंडेलानं गुळगुळीत केलेल्या खांबावरून एकदा निसटले आणि कोपर उलटं झालं. त्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट अशी: एका जुन्या पैलवानानं त्यांना मांडी घालून बसवलं, ‘तुझ्या घरी बैल किती?’ असं विचारलं, आणि काका ‘दोन’ म्हणायच्या आत हात जागेवर. त्या पैलवानाचे हात काकांना जन्मभर आठवत. केवढा जोर होता, असं आम्ही मुलं म्हणायचो. काका मान हलवायचे. ‘जोर नव्हता रे. जोर असता तं मी रडलो असतो. वेळ होती.’

कुस्तीनंतरचा रगडा मात्र जोराचाच. तेल लावलेल्या अंगावर कोपर, अंगठे, कधी पायसुद्धा. वीस वर्षांच्या दणकट पाठीला तो मानवतो. घोटाळा असा की तोच रगडा म्हणजे उपचार, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. दुखलं नाही तर लागू कसं पडणार? औषध कडू, मालीश दुखरी आणि सांधा वाजला तरच बसला.

हे वाजणं हा आमच्या बाकावरचा कायमचा विषय. हमाल काका दर खेपेला तक्रार करायचे: ‘ताई, काही वाजलंच नाही न आज. तो सलूनवाला दाढीच्या पैशात दोन्हीकून मान मोडून देते, अन् तुमी एवढे पैसे घेता तं एक डाव कट् करून द्या न.’ ताई हसून म्हणायची, ‘काका, मान तुम्हाला अजून वापरायची आहे ना?’

ती वाजवणारी पद्धत ऑस्टिओपथीतही आहे आणि तीच सगळ्यात प्रसिद्ध. सांधा त्याच्या हद्दीपर्यंत न्यायचा आणि तिथं अगदी थोड्या अंतराचा, पण वेगवान झटका द्यायचा. कट् होतं. लोकांना वाटतं हाड बसलं. खरं तर सांध्यातल्या वंगणात एकदम पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोट ओढताना एमआरआयनं चित्रण करून ती पोकळी पकडली. एकदा वाजलेला सांधा पंधरा-वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही तो म्हणूनच. बोटं मोडल्यानं संधिवात होतो असं आईनं बजावलं म्हणून डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरनं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हात सारखेच राहिले आणि 2009 मध्ये त्याला गमतीचं इग नोबेल मिळालं. माझ्या आजीच्या अलाबला तेवढ्यापुरत्या निर्धोक ठरल्या.

बोटांचं ठीक आहे, मानेचं नाही. मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून दोन धमन्या मेंदूकडे वर चढतात. बेसावध हिसक्यानं त्यांचं अस्तर फाटलं तर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं. पण ज्याचं होतं त्याच्यासाठी ते क्वचित नसतं. म्हणून जाणता माणूस हात लावण्याआधी विचारत बसतो: हातापायाला मुंग्या येतात का, चक्कर येते का, रात्री ताप, वजन कमी झालंय का, लघवीवरचा ताबा सुटतो का. एकदा धामणगावकडचा एक तरुण पाठ रगडून घ्यायला आला होता. ताईनं त्याला झोपवलं, एका मणक्यावर हलकेच टिचकी मारली, आणखी चार प्रश्न विचारले आणि पाठीला काहीही न करता चिठ्ठी लिहून दिली: आधी एक्स-रे आणि रक्त. पाठीच्या मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे. अशा मणक्यावर रगडा म्हणजे घात. तो तरुण नाराज होऊन जिना उतरला. त्या दिवशी तिनं केलेला सगळ्यात चांगला उपचार तोच असावा.

ऑस्टिओपथीचा इतिहास मी सवडीनं वाचला तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. स्टिलनं झटक्यानं सुरुवात केली आणि त्याच्या मागून आलेले लोक जोर कमीच करत गेले. मिचेलनं रोग्यालाच ढकलायला लावलं. सदरलँडनं तर कवटीच्या हाडांच्या तिरप्या कडा पाहून ती किंचित हलत असावीत असं ठरवलं आणि कागदाच्या वजनाइतक्या स्पर्शानं डोकं धरायला शिकवलं. इथं मात्र शास्त्राचा आधार सुटतो. मोठ्या माणसाच्या कवटीबद्दलच्या त्या दाव्याला पुरावा मिळालेला नाही. बाळाची टाळू भरणाऱ्या आपल्या बायकांनीही कमी दावे केले नव्हते. डॉक्टर आता सांगतात, तेल लावा, अलगद चोळा, पण नाका-कानात तेल घालू नका आणि टाळू दाबू नका. इथंही हात लावू नका असं नाही, जोर नको एवढंच.

या उतरत्या जोरातलं सगळ्यात नवलाचं पाऊल लॉरेन्स जोन्सचं. ओरेगॉन राज्यात ऑन्टारिओ नावाचं छोटं गाव आहे, तिथला हा ऑस्टिओपथ. 1955 मध्ये त्याच्याकडे एक रोगी आला. कंबरेतून वाकलेला, कुठल्याच उपचारानं सरळ होत नसलेला, रात्रीची झोप गेलेला. जोन्सचे सगळे उपाय थकले होते. निदान झोप लागावी म्हणून त्यानं रोग्याला उशा लावून, पाय दुमडून, वळवून अशी एक स्थिती शोधून दिली की ज्यात दुखतच नव्हतं. तसंच राहू देऊन तो दुसऱ्या रोग्याकडे गेला. वीसेक मिनिटांनी परतला, त्याला उठवलं, तर माणूस सरळ उभा. यातून पुढं पद्धत निघाली, काउंटरस्ट्रेन: दुखरा बिंदू शोधायचा, अंग अशा बाजूला दुमडायचं की तो बिंदू शांत होईल, नव्वद सेकंद तसंच धरायचं आणि मग सावकाश, अगदी सावकाश परत आणायचं. म्हणजे सांधा जिकडे जात नाही तिकडे ढकलायचा नाही; जिकडे त्याला बरं वाटतं तिकडेच आधी जाऊ द्यायचं.

ताईनं माझ्या मानेवर हेच केलं. मी उताणी पडलेली, तिचं एक बोट त्या ‘स्स’वाल्या जागेवर आणि दुसऱ्या हातात माझं डोकं. ती डोकं थोडं वळवायची, थोडं कलतं करायची, विचारायची, ‘आता?’ ‘दुखतंय.’ ‘आता?’ ‘कमी.’ ‘आता?’ आणि एका ठिकाणी मला सांगावंच लागलं नाही, तिच्या बोटाखालचं काहीतरी मऊ पडलं ते तिलाच आधी कळलं. मग आम्ही दोघी गप्प. खाली गल्लीत भाजीवाल्याची आरोळी, कूलरचा घरघराट, रुळांवरून बडनेऱ्याकडे निघालेली गाडी. आपलं डोकं किती जड असतं ते दुसऱ्याच्या तळव्यात ठेवल्यावर कळतं. नव्वद सेकंद हा फार मोठा वेळ आहे. इतका वेळ एखाद्या माणसानं फक्त आपल्याकडे लक्ष देऊन, दुसरं काहीही न करता थांबणं, हे शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवेना.

इथं एक शंका मनात आल्याशिवाय राहत नाही. आमच्या गावाकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला तो पायाळू. त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते. आणि जायची! पाठीची चमक बहुतेकांची थोड्या आठवड्यांत आपोआप जातेच. पायाळूचा पाय त्या वेळी तिथं असायचा, एवढंच. माझा खांदाही वर्ष-दोन वर्षांत, कधी तीन वर्षांत बहुतेक मोकळा होतोच असं डॉक्टर म्हणाले होते. मग ताईनं काय केलं आणि काळानं काय? अभ्यास सांगतात ते इतकंच: पाठीच्या जुन्या दुखण्यात हाताचे उपचार थोडा आराम देतात, साधारण व्यायामाइतका, चमत्कार करत नाहीत. आराम पडला की माणूस हलायला लागतो, हलायला लागला की सांधा मोकळा होतो. हातानं दार किलकिलं करायचं, आत चालत जायचं ते आपणच. पायाळूत आणि ताईत फरक असेल तर हा, की पायाळू ‘आता गेलं’ म्हणायचा आणि ताई ‘आता हे घरी करा’ म्हणायची.

तरीही स्पर्शाचं सगळं गणित सांध्यात संपत नाही, हे अमरावतीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. इथंच 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, कुष्ठरुग्णांसाठी. ज्यांना घरचे दारातून आत घेत नव्हते, त्यांच्या जखमा कुणीतरी हातांनी धुवायच्या होत्या. त्या आजारात मज्जातंतू मरतात, बोटांचं दुखणंच हरवतं, आणि न दुखणारं बोट भाजलं, कापलं तरी कळत नाही. अशा हाताला रोज पाण्यात भिजवून, तेल लावून, आखडणारी बोटं दुसऱ्या हातानं सरळ करत राहावी लागतात, नाही तर त्यांचा पंजा होतो. तिथं कुणी सांधा वाजवत नाही. तिथं वर्षानुवर्षं रोज तेच, तेवढंच, हलकंच करायचं असतं. मला माझ्या ठणक्याचा राग यायचा तेव्हा त्या न दुखणाऱ्या बोटांची आठवण पुरेशी असे.

हळूहळू माझा हात वर जाऊ लागला. ताईनं भिंतीवर बोटं चढवायला लावली. मधलं बोट आणि तर्जनी एकाआड एक पावलं टाकत वर जातात, जिथं थांबतील तिथं पेन्सिलची खूण. काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर. पाण्याची बाटली हातात लोंबकळत ठेवून झोके. आधी रिकामी, मग अर्धी, मग भरलेली. सुश्रुताची माती, सैंधव आणि दगड, बिसलेरीच्या बाटलीत.

खांदा आता बराच मोकळा झाला होता. तरी मी जातच राहिले. खरं सांगायचं तर खांद्यापेक्षा त्या नव्वद सेकंदांसाठी. ताईच्या ते लक्षात आलं असावं. एक दिवस तिनं सात पायऱ्या केल्या, माझा हात कानाला लावून दाखवला आणि म्हणाली, ‘मावशी, आता माझ्याकडे यायचं कारण नाही. आता मी हात लावत राहिले तर तुमचा खांदा माझ्यावर विसंबून राहील. मुलीला बोलवा आठ दिवस माहेरी. तिच्याकडून डोक्याला तेल लावून घ्या.’ इतक्या सरळ आणि इतक्या कमी शब्दांत मला कुणी ओळखलं नव्हतं. गिऱ्हाईक तोडणारा दुकानदार राजापेठेत विरळाच, आणि मला वाटतं, तिच्या साऱ्या विद्येतलं सगळ्यात अवघड काम हेच, हात काढून घेण्याचं. धाकट्या काकांचं कोपर बसवणाऱ्या पैलवानात ते होतं, वीस मिनिटं खोलीबाहेर गेलेल्या जोन्सलाही ते नकळत साधलं. ज्या हाताला थांबता येत नाही त्याचा रगडा होतो.

मुलगी आली, तेल लागलं, साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. पुढं औषधं घ्यायला त्या गल्लीत गेले तेव्हा हमाल काका जिन्याच्या तोंडाशी भेटले. कंबरेत वाकलेल्या एका दोस्ताला दंडाला धरून वर चढवत होते आणि चढवता चढवता त्याला बजावत होते: ‘आवाज-गिवाज काही येत नाही बरं इथं, आधीच सांगून ठेवतो. जोर बी लावत नाही ते पोरगी. मले तं पैले वाटलं, फसलो. पन झोप लागते न बाप्पा रात्री.’